काकवीचा रुमाल

कारेगाव,
८ डिसेंबर १९९८

ज्ञानदेवमामांस,
गौतमीचा जयभीम.

पाकिटात दोन कागद आहेत. मोठ्या अक्षरातला आईसाठी आहे, तो नेहमीसारखा ओट्यावर बसून तिला वाचून दाखवा. हा मात्र तुम्ही एकट्यानंच वाचा.

मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं की बी.एस्सी.चा उपयोग झाला, रांजणगावजवळ एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. ते खरं आहे. कारखाना कशाचा हे कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन बोलले नाही. तो व्हिस्कीचा आहे. ठिकठिकाणची व्हिस्की इथं येते, लाकडी पिंपांत मुरते, कशात काय किती मिसळायचं ते ठरतं आणि मग बाटल्या भरतात.

ते ठरवतात सहा माणसं, वास घेऊन आणि चाखून. त्यांना पॅनेल म्हणतात. त्यातले एक जण निवृत्त झाले, म्हणून मोठ्या साहेबांनी लॅबमधल्या आम्हा सगळ्यांना रांगेनं बसवलं आणि ग्लास हुंगायला दिले. मी सगळ्यांच्या पुढे निघाले. कंपनीला आता अमेरिकन धर्तीची नवी व्हिस्की काढायची आहे. तिकडे तिला बर्बन म्हणतात, मक्यापासून करतात आणि आतून जाळलेल्या कोऱ्या पिंपात मुरवतात. ती निवडण्याच्या कामावर मला एप्रिलअखेरपर्यंत घेतलं आहे. तोवर नीट केलं तर जागा कायमची माझी.

मामा, मी थेंबही गिळत नाही. घोट तोंडात फिरवते, थुंकते आणि चूळ भरते. बाकीचे पाच जण गिळतात, मी नाही. तुमची शपथ.

मला ही जागा हवी आहे. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी सापडलं आहे जे मला बाकीच्यांपेक्षा चांगलं येतं. तेवढं आईच्या कानावर घाला. सावकाश, तिचा नूर बघून.

तुमची,
गौतमी


भांडगाव,
१७ डिसेंबर १९९८

चि. गौतमीस,
मामाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू मला चांगलंच तोंडघशी पाडलंस. गळीत हंगाम जोरात आहे, दिवसभर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजून डोकं बधिर होतं, आणि घरी यावं तर भाचीनं ही कामगिरी लावलेली.

आईचा कागद मी झकास वाचला. ती तांदूळ निवडत होती. संपल्यावर मान वर न करता म्हणाली, "पाकिटात दोन कागद व्हते. दुसरा वाच." मी म्हटलं, कारखान्याचा हिशोबाचा कागद आहे. ती म्हणाली, कारखान्याचा कागद तू खिशात लपवत नाहीस. तुझ्या आईपुढे माझी मात्रा कधी चालली आहे? वाचला सगळा. मध्ये एकदाच थांबवून तिनं बर्बन हा शब्द पुन्हा म्हणायला लावला.

तुला विहाराची गोष्ट वेगळी सांगायला नको. उद्घाटनाच्या दिवशी आपला दगडोबा दारू न पिण्याचं पाचवं शील सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणता म्हणता फुलांच्या ताटात आडवा झाला. तेव्हापासून चांगुणाबाई दर पुनवेला दारात उभी. येणाऱ्यानं तोंड उघडून जयभीम म्हणायचं, तिनं वास घ्यायचा, आणि मग आत किंवा परत. मला, सख्ख्या भावाला, खोकल्याच्या औषधापायी तिनं परत फिरवलेलं आहे. अशा बाईची मुलगी तू, आणि पोट भरायला कुठं जाऊन बसलीस?

तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो. "घरी ये म्हणावं, जेव म्हणावं, पोरगी माझीच हाय. पर ते काम हाय तवर विहाराच्या दारातनं आत न्हाई. गिळली न्हाई तरी तोंडात घेतलीच ना."

मी स्वतः म्हणतो, लॅबमधली नोकरी कर, चाखणं तेवढं सोड. पगार थोडा कमी आला तर आभाळ कोसळत नाही.

तुझा,
ज्ञानदेवमामा


कारेगाव,
११ जानेवारी १९९९

मामांस जयभीम.

मी सोडणार नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही वाट बघणार नाही. हे पत्र आईपुढेच वाचा, लपवालपवी पुरे झाली.

पाचवं शील मला आईनंच शिकवलं. माणसाला गाफील करणाऱ्या मद्यापासून दूर राहायचं, असा त्याचा अर्थ तुम्ही आम्हा मुलांना सांगितला होता. मामा, सकाळी आमच्या त्या खोलीत पाच जण बसलेले असतात, आणि दुपारपर्यंत त्यांचे डोळे जड होतात. माझ्याइतकं सावध तिथं कुणी नसतं. मग शील मोडलं कुणी?

आईला वाटतं इथं मैफल असते. तसं काही नाही. खिडक्या बंद, अत्तर लावायला बंदी, कांदा खाऊन यायला बंदी. ग्लासांवर नुसते आकडे असतात. थोडं पाणी घालायचं, आधी नाकानं बघायचं, मग जिभेनं. कुणी बोलायचं नाही, कागदावर लिहायचं. विहारातसुद्धा इतकी शांतता नसते, बायका भाजीचे भाव बोलतात.

आणि आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात अमेरिकेहून बर्बनचा नमुना आला. सगळे वाहवा करत होते. मी ग्लास नाकाशी धरला आणि मला थेट आपला कारखाना दिसला. ऊस शिजल्याचा, करपल्यासारखा गोड वास. मी सगळ्यांसमोर सांगितलं, ही निव्वळ मक्याची नाही, हिच्यात मळीचं स्पिरिट मिसळलं आहे. साहेब दचकले. पण मी भांडगावची, वर्षातले सहा महिने मळीच्या वासात झोपणारी. मळी ओळखायला मला कुणी शिकवायला नको. साहेबांनी माल थांबवला, विकणाऱ्यांना कडक पत्र लिहिलं आणि नमुना तपासायला पुण्याला पाठवला. पॅनेलवरचे लोक आता माझ्याशी अदबीनं बोलतात.

पुनवेला मी येते आहे. दारात उभी राहून जयभीम म्हणेन. आईनं वास घ्यावा आणि मग ठरवावं.

गौतमी


भांडगाव,
९ फेब्रुवारी १९९९

चि. गौतमीस जयभीम.

तू गेल्यापासून घरात कुणी धड बोलत नाही, म्हणून पत्रातच बोलतो.

दारात तू जयभीम म्हणालीस तेव्हा मी आतून बघत होतो. तिनं वास घेतला. काही नव्हतं. तरी ती बाजूला झाली नाही. "वास न्हाई, पर काम हाय," एवढंच म्हणाली, आणि तू मुकाट्यानं खाली पायरीवर जाऊन बसलीस. मी आत पंचशील म्हणत होतो आणि माझं सगळं लक्ष त्या पायरीवर होतं. खरं सांगतो पोरी, मला वाईट वाटलं. तुम्ही दोघी एकाच लाकडाच्या आहात, मधल्या मध्ये मी चेपतो.

आता एक गंमत. तू आंघोळीला गेलीस तेव्हा आईसाहेबांनी तुझी पिशवी धुंडाळली. चोरी म्हण, आईपण म्हण. कपडे हुंगले, वही हुंगली. तुझा एक पांढरा रुमाल राहिला होता, तो तिनं तीन वेळा नाकाशी धरला. तू बसमध्ये बसल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्याला दारूचा वास न्हाई. काकवीचा हाय." मी म्हटलं, मळीचा असेल, पोरगी तेच सांगत होती. तर माझ्यावरच उखडली. "मळी येगळी, काकवी येगळी. मळी आंबूस, नाकात बसती. ही ताजी काकवी हाय, गुऱ्हाळावरची."

मग तिनं त्यावरून केवढं मोठं घर बांधलं ते ऐक. तिचं पक्कं मत झालं आहे की व्हिस्कीची कथा तू रचलेलीच आहेस, आणि तिकडे कुणा गुऱ्हाळवाल्याच्या मुलाशी तुझं जमलं आहे. तो तुला काकवी खाऊ घालतो आणि तू त्या रुमालानं तोंड पुसतेस. मुलगा कुठल्या गावचा, ते विचार म्हणाली. गालात हसतही होती. मला वाटतं गुऱ्हाळवाला जावई तिला व्हिस्कीपेक्षा परवडेल.

तर विचारतो. मुलगा कुठल्या गावचा?

मामा


कारेगाव,
१४ मार्च १९९९

मामांस जयभीम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला. लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुण्याचा रिपोर्ट आला. बर्बन शंभर टक्के मक्याची निघाली. मळीचा थेंब नाही. मी सगळ्यांसमोर छातीठोक सांगितलं होतं आणि मी चुकले. साहेबांना त्या लोकांची लेखी माफी मागावी लागली. पॅनेलवर आता माझ्याशी अदबीनं कुणी बोलत नाही. एक जण म्हणाला, हिला व्हिस्कीत ऊसच दिसणार.

साहेब रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. मूळचे डेहराडूनचे आहेत, सगळा जन्म ह्या कामात गेला आहे. मला समोर बसवून म्हणाले, "बेटी, जब तक गले से नहीं उतरती, व्हिस्की सच नहीं बोलती." पहिला वास फसवतो, घोट घशाखाली गेल्यावर मागे जी चव राहते तीच खरी, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बाकीच्यांसारखं गिळायला लाग, नाहीतर लॅबमध्ये परत जा. विचार करायला त्यांनी मला वेळ दिला.

मामा, मी त्या दिवशी खोलीवर येऊन रडले. मला पहिल्यांदा वाटलं, आई बरोबर होती, एक पाऊल टाकलं की पुढचं टाकावंच लागतं. राजीनामा लिहायला कागद शोधत होते तर हाताला तुमचं पत्र आलं. गुऱ्हाळवाल्याचं वाचून हसू आलं. मग पुन्हा वाचलं, आणि रुमालापाशी थांबले.

तो रुमाल मी पॅनेलवर तोंड पुसायला नेत असे. नमुना आला त्या दिवशीही तोच होता. दारू उडून गेली, रुमाल वाळला, आणि मागे जे राहिलं ते आईच्या नाकाला काकवी वाटलं, मळी नाही. म्हणजे ओल्या ग्लासात मी जे ओळखू शकले नाही, ते वाळल्या फडक्यावर तिनं ओळखलं. आतून जाळलेल्या पिंपाचा तो गोडवा असतो, हे मला आता कळतं. मागे राहणारी चव जाणायला गिळायलाच हवं असं कुठं आहे? ती फडक्यावरही राहते.

माझ्या खोलीत तहमीना राहते, शिरूरची, शेजारच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. तिनं आपली जुनी ओढणी फाडून पट्ट्या केल्या. मी नमुने आणले, तिनं नाक दाबून पट्ट्या भिजवल्या, वाळवल्या आणि मला न सांगता मागे आकडे घातले. तिच्या अब्बांना कळलं तर तिची धडगत नाही, तरी केलं. पहिले दोन दिवस मी चुकत होते. आता चुकत नाही.

मी साहेबांना सांगितलं आहे, गिळणार नाही. माझी परीक्षा घ्या, सगळ्यांबरोबर घ्या, आणि हरले तर मी आपण होऊन लॅबमध्ये जाईन. ते हो म्हणाले. एप्रिलअखेर आहे.

आईला सांगा, मुलगा कुठल्याच गावचा नाही.

गौतमी


भांडगाव,
३० मार्च १९९९

चि. गौतमीस जयभीम.

शाकीरचा टेम्पो कारेगावला माल घेऊन निघाला आहे, त्याच्याबरोबर हे गाठोडं पाठवतो. उघडून दचकू नकोस, आईचं जुनं लुगडं आहे.

तुझं पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. साहेबांच्या वाक्याला ती नुसती "हूं" म्हणाली. तू राजीनाम्याचा कागद शोधत होतीस तिथं मला वाटलं तिला बरं वाटेल. पण तिचा चेहरा पडला. म्हणाली, "हरून येऊ नको म्हणावं. सोडायचंच आसंल तर जिंकून सोड."

मग उठून पेटी उघडली. तिचं म्हणणं असं की ओढणी कामाची नाही, तिला रंगाचा वास असतो, आणि दुकानातल्या नव्या कापडाला खळीचा. हे लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं आहे. पेटीतून काढून तिनं ते पुन्हा साबण न लावता नुसत्या पाण्यात खळबळलं, उन्हात वाळवलं आणि हुंगून बघितलं. ह्याला स्वतःचा असा काहीच वास उरलेला नाही, म्हणाली. मीही हुंगलं. मला तुमच्या घराचा वास आला, पण ते मी तिला सांगितलं नाही.

तिचा निरोप आहे की ही परवानगी समजू नये. दाराचं बोलणं दाराशी. पण पोरीची परीक्षा असताना तिला वाईट कापड वापरू द्यायचं, हे काही तिच्यानं होणार नाही.

मी मात्र आता उघड तुझ्या बाजूचा झालो आहे. जिंक.

मामा


कारेगाव,
२८ एप्रिल १९९९

मामांस आणि आईस जयभीम.

काल परीक्षा झाली. क्रमानं सांगते.

प्रत्येक फेरीत तीन ग्लास. दोनात एकच व्हिस्की आणि एकात वेगळी, ती वेगळी कोणती ते लिहायचं. बाकीचे पाच जण नेहमीसारखे नाकानं बघून, घोट घेऊन, गिळून लिहायला लागले. मी लुगड्याच्या तीन पट्ट्या भिजवल्या, दोरीवर टाकल्या आणि हात बांधून बसले. ते हसले. एक जण म्हणाला, धुणं वाळत घातलंय. पट्ट्या पूर्ण वाळेपर्यंत मी नाक जवळ नेलं नाही.

पहिल्या फेरीत बर्बन होती आणि एका ग्लासात खरोखरच मळीचं स्पिरिट मिसळलेलं होतं. साहेबांनी मुद्दाम माझी जुनी चूक समोर ठेवली होती. दोन पट्ट्यांवर काकवी होती, तिसरीवर तो आंबूस वास नाकात बसला. आई, तू सांगितलंस तसाच. मी बरोबर निघाले, आणखी तिघंही बरोबर निघाले. दुसऱ्या फेरीत दोन वेगळ्या पिंपांचा माल होता. तिथं मी आणि एकच जण बरोबर.

तिसऱ्या फेरीत मी घाबरले. तिन्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा हुंगल्या, उलट क्रमानं हुंगल्या, बाहेर जाऊन मोकळी हवा घेऊन आले. मला फरक सापडेना. बाकीच्यांचे कागद केव्हाच देऊन झाले होते. वाटलं, एखादा आकडा टाकून द्यावा, तीनातला एक लागेलही. पण जे नाही ते आहे असं एकदा सांगून मी तोंडावर आपटले होते. मी लिहिलं, तिन्ही एकच आहेत.

तिन्ही एकच होत्या. पाचही जणांनी वेगळा ग्लास शोधून काढला होता. साहेबांनी ते वाचून दाखवलं. मग ते उठले, दोरीवरची पट्टी काढून त्यांनी नाकाशी धरली आणि विचारलं, हे कापड कुठून आणलंस? मी म्हटलं, आईचं आहे.

जागा माझी झाली. मी एक गोष्ट लेखी मागितली, की माझ्यावर गिळण्याची सक्ती नाही. साहेब हसले, पण लिहून सही केली. नवी बर्बन निवडायचं कामही आता माझ्याकडे आहे. मला फार आनंद झाला. आणि तो सांगायला जवळ आई नव्हती म्हणून जिन्यात उभी राहून रडले.

आई, परवा बुद्धपुनव आहे. मी येणार नाही. रुसून नाही. तू म्हणालीस की दाराचं बोलणं दाराशी, आणि मी काम सोडलेलं नाही, सोडणारही नाही. पायरीवर बसायची मला लाज वाटत नाही, पण तिथं बसून तुला अवघड करायचं नाही. तू बोलावशील तेव्हा येईन. तोवर पंचशील मी इथं खोलीत म्हणेन, पाचवंसुद्धा, मोठ्यानं. तहमीना म्हणाली, मी ऐकायला बसते.

गौतमी


भांडगाव,
३ मे १९९९

चि. गौतमीस जयभीम.

तुझं पत्र पुनवेच्या सकाळी शाकीरनं आणून दिलं. विहारात जायच्या घाईत मी ते आईला उभ्या उभ्याच वाचून दाखवलं. तिनं पांढरं लुगडं नेसलं आणि दारात जाऊन उभी राहिली.

गर्दी पुष्कळ होती. दगडोबा आला. अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, खांद्यावर उपरणं, तोंडात विलायची आणि वर पान. जयभीम असा दणदणीत म्हणाला की मागची मुलं हसली. आईनं वास घेतला. पुन्हा म्हणायला लावलं. विलायचीशिवाय काही सापडेना. दगडोबा आत पाऊल टाकणार तेवढ्यात ती म्हणाली, "उपरणं दे." तो म्हणाला, कशाला? ती म्हणाली, "त्यालाच तोंड पुसतोस न्हवं? दे." तिनं त्याचं वाळलेलं टोक नाकाशी धरलं, एकदाच, आणि म्हणाली, "सकाळी घेतलीस. मळीची हाय." दगडोबानं मान खाली घातली आणि पायरीवर जाऊन बसला.

माझ्यामागून कुणीतरी विचारलं, ही नवी विद्या कुठून आणलीस, चांगुणाबाई? सगळे ऐकत होते. मला वाटलं, ही आता विषय टाळणार. ती म्हणाली, "माझ्या गौतमीची हाय. ती तिकडं व्हिस्की तपासती. रोज समोर आसती, आन् एक थेंब गिळत न्हाई. तसं साहेबाकडनं लिहून घेतलंय तिनं." एवढं बोलून ती पुन्हा दाराकडे वळली, पुढच्या माणसाचा वास घ्यायला. मी आत गेलो आणि मला पहिलं शीलसुद्धा धड म्हणता येईना.

घरी आल्यावर तिनं मला कागद घ्यायला लावला. इथून पुढचं तिचं, मी फक्त हात चालवतो.

"गौतमी, पुढच्या पुनवेला ये. मामा सांगतोय म्हणून न्हाई, मी सांगते म्हणून ये. आधी दारात मी तुझं तोंड बघीन, त्यात सूट न्हाई. मग तू दारात उभी राहा. मला निस्तं एवढंच कळतं, का माणूस पिऊन आलाय का न्हाई, लई तर मळीची हाय का न्हाई. तुला काय प्यालाय ते बी कळंल. आन् मला जरा आत बसू दे. विहार झाल्यापास्नं मी दारातच हाय. सगळ्यांसंगं खाली बसून मी पंचशील एकदा बी म्हणलेलं न्हाई."